बक्कल आत टाकून मिळणार नाही

माझ्या दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक पाटी दिसते. पिवळ्यावर काळ्या अक्षरांत लिहिलं आहे, 'बक्कल आत टाकून मिळणार नाही'. लाखनीच्या हायवेवरून येणारं गिऱ्हाईक आधी पाटी वाचतं, मग माझ्याकडे पाहतं आणि विचारतं, "काहून जी?" रोज चार जणांना तेच सांगून घसा बसतो. म्हणून या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या कामाबद्दल लिहा' म्हटलं तेव्हा ठरवलं, एकदाच सगळं लिहून काढावं. पुढे कोणी विचारलं की अंकच हातात द्यायचा.

मी सीटवाला. चारचाकीच्या सीटा बनवणं, फाटल्या तर शिवणं, मोडल्या तर बदलणं, वर कव्हर चढवणं हे माझं काम. तीस वर्षांच्या वर झाली. लोकांना वाटतं, यात काय, रेग्झिन कापायचं आणि शिवायचं. सीट म्हणजे आत लोखंडी सांगाडा, त्यावर स्प्रिंगा, त्यावर स्पंज आणि सगळ्यात वर कपडा. गिऱ्हाईक फक्त कपडा बघतं. "फिटिंग टाइट पायजे, एक सळ नाई पायजे," एवढीच त्याची अट. सांगाड्याला तडा गेला आहे का, खालचे चार बोल्ट घट्ट आहेत का, हे विचारणारा माणूस मला वर्षात एखादा भेटतो, आणि तो बहुतेक दुसरा सीटवालाच असतो.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायला बसलो तर अंक पुरायचा नाही. लाखांदूरकडचे एक पाटील धानाची पोती न्यायला मागची सीट काढून ठेवायचे. कापणी झाली, मळणी झाली, सीट परत बसवायची म्हणून मला घरी बोलावलं. सीट गोठ्यात होती आणि तिच्या खड्ड्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी सीटेला हात घातला तर पाटीलबाई बाहेर आल्या. "थांबा जी, खुडूक बसली हाये. पिल्लं निघू द्या." मी परत आलो. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो आणि सीट बसवली. ती सीट पुढची दोन वर्षं उन्हात तापली की वास मारायची, आणि पाटील मला म्हणायचे की स्पंज हलका वापरला.

दुसरा नमुना म्हणजे नव्या गाडीच्या सीटेवरचं प्लास्टिक न काढणारे. मे महिन्यात भंडाऱ्याच्या उन्हात त्या प्लास्टिकवर बसून पाठ भिजवून घेतील, पण प्लास्टिक काढणार नाहीत. एकाला मी म्हटलं, "अजी, हे कोणासाठी राखून ठेवून राहिले?" तर म्हणाला, "विकाच्या टायमाले नवी दिसंन." त्याच्यापुढे मी हात टेकले.

आता बक्कल. सीटबेल्टची लोखंडी जीभ ज्यात खटकन बसते, ते डबीसारखं असतं ना, ते बक्कल. ते सीटेच्या कडेला असतं आणि बसताना टोचतं. कव्हर चढवताना त्याच्यासाठी कपड्याला चीर ठेवावी लागते, चिरेला काठ शिवावा लागतो, तरी फिटिंग थोडं उचललेलं दिसतं. त्यापेक्षा बक्कल सीटेच्या खाली दाबून टाकलं आणि वरून कव्हर ओढलं की सीट कशी लोण्यासारखी दिसते. गिऱ्हाईक खूश, आपणही खूश. आमच्याकडे सगळेच सीटवाले असं करायचे आणि मी त्यांच्यात एक नंबर होतो. माझ्या हातून किती बक्कलं गाडली गेली याचा हिशेब नाही. मागच्या सीटेचे पट्टे तर कोणी पाहिलेसुद्धा नव्हते. पुढचे लोक पोलीस दिसले की पट्टा छातीवरून ओढून हाताने धरून बसायचे आणि पोलीस मागे पडला की सोडून द्यायचे.

माझ्या हाताची एक खूण आहे, ती इथेच सांगतो, कारण पुढे तिनेच मला पकडून दिलं. आम्ही जातीने ढिवर. बाबा तलावात जाळं टाकायचे आणि उन्हाळ्यात घरी बसून जाळी विणायचे. मीही लहानपणी विणली आहेत. जाळ्याची गाठ वेगळी असते, ओढली की आणखी आवळते. "जाळं फाटलं तरी चालते, गाठ सुटाले नाई पायजे," असं बाबा म्हणायचे. सीटेची शिवण संपली की मी दोरा त्याच गाठीने बंद करतो. आमच्या अख्ख्या पट्ट्यात असं करणारा दुसरा सीटवाला नाही. याचा मला फार अभिमान होता.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी एक जुनी पांढरी गाडी दुकानासमोर येऊन थांबली. चालवणारी बाई साठीच्या पुढची होती. तिच्या बाजूच्या सीटेवर एक गृहस्थ होते आणि ते सीटेला बांधलेले होते. पांढऱ्या सुती लुगड्याचे दोन वेढे छातीवरून घेऊन सीटेच्या पाठीमागे गाठ मारली होती. तोंड डावीकडून ओघळलेलं, डावा हात मांडीवर पडलेला. मान मात्र सरळ, डोळे रस्त्यावर. मी ओळखलं. साकोली डेपोचे गणवीर ड्रायव्हर. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या एसटीने प्रवास केला असेल. बाई म्हणजे त्यांच्या पत्नी, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्सबाई.

"जयभीम, नामदेवभाऊ."

"रामराम, बाई. दादाले काय झालं हे?"

"लकवा. डावी बाजू गेली. भंडाऱ्याले व्यायामाले न्या लागते, हप्त्यातून तीनदा. डॉक्टर म्हणते, हे पाच-सा महिने हातचे गेले तं हात गेला." त्यांनी लुगड्याकडे बोट दाखवलं. "कधी काचीवर कलते, कधी माह्यावर पडते, गेर टाकू देत नाई. म्हून बांधून नेत होती. पण मागच्या हप्त्यात पेट्रोल पंपावर याइच्या डेपोचे दोघं भेटले. त्याइनं पायलं याइले असं बांधलेलं. तवापासून गाडीतच बसत नाई. व्यायामाच्या दोन पाळ्या बुडल्या. आज कसंबसं आणलं."

दादांची जीभ जड झाली होती, पण त्यांनी माझ्याकडे पाहून एकेक शब्द ढकलत म्हटलं, "पोतं... आहो का... मी?"

चाळीस माणसं पाठीमागे बसवून नागझिऱ्याच्या जंगलातून पावसाळ्यात बस काढणारा माणूस माझ्या दुकानासमोर लुगड्याने बांधून बसला होता.

बाई दोन गॅरेजवाल्यांकडे जाऊन आल्या होत्या. दोघांनी 'नवी गाडी घ्या' म्हणून वाटेला लावलं. नव्या गाड्या उंच, त्यांत दादांना चढवणं एकट्या बाईला शक्य नव्हतं. या गाडीचा उंबरा गुडघ्याइतका. दादा सीटेच्या कडेवर टेकले की सरकून आत जात. शिवाय बाई गाडी शिकल्या त्या याच गाडीवर, आणि शिकवलं दादांनी. सीट मात्र पार बसली होती. पट्ट्याचं विचारलं तर बाई म्हणाल्या, "पट्टा हाये, पण लावाव कुठं? बक्कलच नाई."

दादांना बाकड्यावर बसवलं, सावलीत. मी सीटेचं कव्हर उसवायला घेतलं. आतला स्पंज पिठासारखा झाला होता. कडेची शिवण कापताना ब्लेड अडकलं. वाकून पाहिलं तर दोऱ्याच्या टोकाला जाळ्याची गाठ. माझी गाठ. तिच्याखाली, सीटेच्या पोटात, रेग्झिनच्या तुकड्यात नीट गुंडाळून ठेवलेलं बक्कल. टोचू नये म्हणून मी त्याला गुंडाळलंसुद्धा होतं! आत गंज चढला होता आणि पट्टी उंदरांनी कुरतडली होती.

बाई दोन हात अंतरावर उभ्या होत्या. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मी सांगितलं नाही. रेग्झिनचा तुकडा खिशात घातला आणि म्हणालो, "करून देतो, बाई. सीटही अन् पट्टाही. पुढच्या हप्त्यापासून दादा भंडाऱ्याले जातीन." एवढं बोलून बसलो आणि मग कामाला लागलो.

जुन्या गाडीत सीट बदलणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. नागपूरच्या भंगार बाजारात त्याच मॉडेलची, पण नंतरच्या गाडीची सीट मिळाली. सांगाडा ठणठणीत, डोकं टेकायला उंच पाठ. गाडीत ठेवली तर खालच्या लोखंडी पट्ट्यांची भोकं दोन बोटांनी चुकली. असं झालं की आमच्यातले काही जण भोक ओढून मोठं करतात नाहीतर पत्र्याला नवीन भोक पाडतात. ते करायचं नसतं. गाडीच्या तळाला जिथे बोल्ट बसतात तिथे कंपनीने आतून जाड लोखंड दिलेलं असतं. बाकी नुसता पत्रा. त्यात बोल्ट मारला तर जोराच्या धक्क्याला तो जुन्या सदऱ्याच्या बटणासारखा निघून येतो. मी मूळ भोकांवर बसतील अशा जाड पट्ट्या वेल्डरकडून करून घेतल्या. चटई उचलली तर मागच्या एका बोल्टाजवळ तळ गंजून चाळण झाला होता. तेवढा भाग कापून नवं लोखंड बसवलं, मगच सीट कसली.

पट्ट्याचा नियम सीटेहून कडक. सीट भंगारातली चालते, पट्टा चालत नाही. एकदा अपघाताचा हिसका खाल्लेला पट्टा बाहेरून चांगला दिसला तरी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. आणि पट्ट्याला सुई लावायची नाही. फाटला तर फेकायचा, शिवायचा नाही. भंडाऱ्याच्या दुकानदाराने 'मॉडेल बंद झालं' म्हणून हात झटकले. नागपुरात तीन दुकानं फिरल्यावर नवा पूर्ण संच मिळाला.

आठवड्याने बाई दादांना घेऊन आल्या. मी मागे बसलो आणि आम्ही साकोलीच्या दिशेने निघालो. पहिल्याच वळणावर दादा डावीकडे कलले, डोकं काचेला टेकलं आणि तिथेच राहिलं. पट्टा त्यांच्यासोबत हळूहळू सुटत गेला. तिथे माझं ज्ञान उघडं पडलं. पट्टा हिसका बसला की अडतो. हळूहळू कलणाऱ्या माणसाला तो धरत नाही, तो त्याला मोकळं सोडतो, कारण तो बनलाच तसा आहे.

त्याहून वाईट गोष्ट निघायच्या आधी झाली होती. दादांना पट्टा स्वतः लावायचा होता. उजव्या हाताने त्यांनी जीभ ओढून आणली, पण बक्कल मऊ पट्टीवर होतं. ते सीट आणि हँडब्रेकच्या मधे आडवं पडायचं. एका हाताने बक्कल धरणार कसं आणि जीभ घालणार कशी? पाच-सहा वेळा त्यांनी प्रयत्न केला. बाई म्हणाल्या, "द्या, लावून देते नं मी." दादांनी जीभ सोडून दिली आणि डोळे मिटले. लुगडं गेलं आणि पट्टा आला, पण बांधणारा हात दुसऱ्याचाच राहिला होता.

परत दुकानात आलो. आता मला गप्प राहणं जमेना. खिशातला रेग्झिनचा तुकडा काढून बाईंच्या हातात दिला. "बाई, या गाडीचं बक्कल म्याच आत टाकलं होतं. हे पाहा, माह्याच हातची शिवण. ते राहतं तं तुमाले लुगडं बांधा लागलं नसतं."

बाईंनी तुकडा उलटसुलट पाहिला. "मले मालूम हाये, भाऊ. म्हून तं तुमच्याकडे आली. अन् टाकाले कोणं सांगतलं तेही मालूम हाये. मी बाजूले उभी होती." त्यांनी दादांकडे पाहिलं. "'टोचते बे, आत टाकून दे,' कोण म्हणे?"

दादांनी उजवा हात उचलून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग त्यांचं अर्धं तोंड हसलं. मी मात्र हसू शकलो नाही. त्यांनी सांगितलं हे खरं, पण सीटेचा कारागीर मी होतो. सुई माझ्या हातात होती आणि 'नाही' म्हणणं माझं काम होतं.

बाईंना म्हटलं, "आणखी आठ दिवस द्या. आता दादा स्वतःच्या हातानं लावतीन, तवाच गाडी दुकानातून जाईन."

सीट तीनदा उसवली. दोन्ही बाजूंनी बरगडीला आधार देणारी कड हवी होती. आत टणक स्पंज, वर मऊ. पण पाठीला उंच कड चालेल, बैठकीला नाही, नाहीतर दादा सरकून आत जाणार नाहीत. माप सांगायला दादा रोज येऊ शकत नव्हते, म्हणून मीच दादा झालो. डावा हात पंचाने अंगाला बांधला, अंग सैल सोडलं आणि सीटेवर बसून कलायला लागलो. बायको डबा घेऊन आली. मला तशा अवस्थेत पाहून तिच्या हातून डबा पडता पडता वाचला. "आता तुमाले काय झालं जी?" तिला समजावलं आणि कामाला लावलं. ती मला वळणावर लोटल्यासारखं बाजूने लोटायची. तिने एवढ्या मनापासून लोटलं की बहुधा जुने काही हिशेबही त्यात फेडून घेतले असावेत.

एका हाताने पट्टा लावताना कळलं की सगळी गोम बक्कल ताठ उभं राहण्यात आहे. लाकडी पट्टी लावून बघावं, पट्टीला रेग्झिनची नळी शिवावी, असे उद्योग मनात आले, पण माझाच नियम मोडायचा नव्हता. पुन्हा नागपूर गाठलं. त्याच मॉडेलच्या शेवटच्या गाड्यांत ताठ दांडीवरचं बक्कल येत होतं, त्याचा संच मागवून घेतला. जीभ आणि बक्कल एकाच संचातलं, कारण दुसऱ्याची जीभ खटकन बसली तरी ती धरून राहील याची खात्री नसते. मग सीट दोन खाचा मागे घेतली, तेव्हा डाव्या खांद्याजवळची जीभ उजव्या हाताच्या टप्प्यात आली. मी एका हाताने वीसेक वेळा लावून पाहिलं आणि एकदाही चुकलं नाही.

तेव्हाच ती पाटी रंगवून घेतली. जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले, "गाडी आणा, बक्कल बाहेर काढून देतो." बरेच आले नाहीत. काही आले आणि सीटेला चीर पडली म्हणून कुरकुरले. एकजण म्हणाला, "इतके वर्सं नाई लागलं, आता कायले?" त्याची चारही बक्कलं मी त्याच्याशी वाद घालत घालत बाहेर काढली. कव्हरांचं काम थोडं कमी झालं. होऊ दे. गाडलेली सगळी बक्कलं माझ्या हयातीत बाहेर यायची नाहीत हे मला माहीत आहे आणि त्याचं वाईट वाटतं. तरी दिसेल ती गाडी मी सोडत नाही.

दादा आले त्या दिवशी दुकानापुढे ऊन होतं. बाईंनी त्यांना सीटेच्या कडेवर टेकवलं, ते सरकून आत गेले. नव्या कडांमधे अंग बसलं. मी बाईंना डोळ्यांनीच खुणावलं, हात लावू नका. दादांचा उजवा हात छातीवरून डाव्या खांद्याकडे गेला. जीभ सापडली. पट्टा ओढताना मधेच अडला, कारण त्यांनी घाई केली. त्यांनी तो सोडला, पुन्हा हळू ओढला, खाली आणला. बक्कल उभं होतं. पहिल्या वेळी जीभ कडेला लागली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा खटका वाजला.

बाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी ते पुसलं, वळून स्टेअरिंगवर बसल्या आणि चावी फिरवली. गेअर टाकायला हात नेला, तर दादांनी आपला उजवा हात त्यांच्या हातावर ठेवला. गेअर टाकू दिला नाही. बाई गोंधळल्या. "आता काय?"

दादांनी बोटाने बाईंचा खांदा दाखवला. बाईंचा पट्टा दाराच्या खांबाला तसाच लोंबत होता. घाईत त्या लावायच्या विसरल्या होत्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पट्टा ओढून लावला.

दादांनी तो खटका ऐकला. एकदा समोर रस्ता पाहिला, एकदा बाजूचा आरसा. मग उजव्या हाताच्या बोटांनी डॅशबोर्डवर ठोकलं. ठक, ठक. आयुष्यभर कंडक्टरची डबल बेल ऐकून गाडी काढलेला माणूस त्या दिवशी स्वतः डबल बेल देत होता. बाईंनी गेअर टाकला आणि गाडी भंडाऱ्याकडे निघाली.